नऊ दोषांचा रिपोर्ट

देवाने हे जग सहा-सात दिवसांत घाईघाईने उरकलं असणार, आणि मग त्यातल्या चुका शोधायला त्याने एकच माणूस नेमला असणार. तो माणूस दीड वर्ष सिंगापुरात, वुडलँड्सला माझ्या घरी भाड्याने राहिला.

पण आमची ओळख त्याहून वीस वर्षं जुनी. मी नाशिकहून वेल्डर म्हणून सिंगापूरच्या एका शिपयार्डात आलो तेव्हा हे तिथे इन्स्पेक्टर होते. माझा एक जोड त्यांनी तीनदा नापास केला. तिसऱ्या वेळी तर आमचा फोरमनही म्हणाला, जाऊ द्या की. हे गुडघ्यावर बसले, टॉर्च मारला, छोट्या हातोडीने टकटक केली, लाल खडूने फुली मारली आणि नापास करण्याचं कारण स्वच्छ अक्षरात लिहून माझ्या हातात दिलं. त्या रागात मी वर्षभरात वेल्डिंग सोडलं आणि ऑफिसांच्या जुन्या खुर्च्या घ्यायचा-विकायचा धंदा सुरू केला. आज माझ्या दोन लॉऱ्या आहेत. लोक म्हणतात, मेहनतीवर वर आला. मेहनत सगळेच करतात. मी त्या लाल फुलीवर वर आलो. याबद्दल मी त्यांचे कधी आभार मानले नाहीत आणि मानणारही नाही.

मग शिपयार्डातला त्यांचा विभाग बंद झाला. एकोणपन्नासाव्या वर्षी हे घरी. बायको-मुलीला त्यांनी पुण्याला पाठवलं आणि स्वतः स्वस्तातली खोली शोधत माझ्या दारात आले. माझी बायको नातू झाल्यापासून नाशिकचीच झालेली, त्यामुळे माझ्याकडे खोली रिकामी होती. वीस वर्षांचा हिशेब चुकता करायची अशी संधी पुन्हा आली नसती. मी मुद्दाम चढा आकडा सांगितला. ते घासाघीस करतील, मग मी त्यांना एकेक शब्द ऐकवीन, असा बेत होता. त्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "ठीक आहे, मालक." ज्याच्याशी भांडायची इतकी तयारी केली, तो माणूस पहिल्याच फटक्याला हो म्हणाला, की केवढा अपमान वाटतो! तेव्हापासून मी त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचो आणि ते मला मालक.

पहिल्याच संध्याकाळी दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांड्याचा आरसा घेऊन ते माझ्या सिंकखाली शिरले आणि तीन दोष घेऊन बाहेर आले. चमच्याने टकटक केल्याशिवाय ते पपई घेत नसत, आणि मी लावलेल्या इडल्यांनाही तीच परीक्षा असे. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफीवाल्या म्हाताऱ्या चिनी अंकलला ते दर रविवारी सांगत, की चार नंबरच्या टेबलाच्या पायाला चीर गेली आहे. अंकल दर रविवारी "येस लाह, येस लाह" म्हणत आणि कॉफीत साखर जास्त घालत. शेवटी एका रविवारी अंकलने चार नंबरचं टेबल त्यांच्यासाठीच राखून ठेवायला सुरुवात केली. बाकी कोणी तिथे बसून पडलं तर पंचाईत. हे निदान जपून बसत.

आणि अशा माणसाने ठरवलं, की आपण सॉफ्टवेअर डेव्हलपर व्हायचं. तेही ज्युनिअर. मी म्हणालो, अहो, या वयात लोक सीनिअर सिटिझन व्हायची तयारी करतात. त्यांचं म्हणणं, आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं तपासलं, आता स्वतः एक तरी गोष्ट करून बघायची आहे. वर्षभराचा कोर्स त्यांनी पूर्ण केला. पण स्क्रीनवर त्यांचा विश्वास नव्हता. लिहिलेला प्रोग्रॅम ते कागदावर छापत, स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायच्या बांबूंना चिमट्यांनी लावत आणि लाल पेन्सिल घेऊन त्या कागदांखालून येरझाऱ्या घालत. माझे बनियन आणि त्यांचे प्रोग्रॅम शेजारी शेजारी वाळायचे. संध्याकाळी मी गोदामातून आलो, की आज कुठे काय चुकलं ते मला उभ्या उभ्या सांगत. मला त्यातलं अक्षर कळत नसे. पण घरात शिरल्या शिरल्या कोणीतरी काहीतरी सांगतंय, याची सवय फार लवकर लागते.

नोकरी मात्र मिळेना. त्यांच्या पीआरची, म्हणजे सिंगापुरात राहण्याच्या परवानगीची, मुदत मार्चमध्ये संपत होती, आणि तोवर नोकरी नसेल तर ती वाढेल याची खात्री नव्हती. म्हणजे वीस वर्षांनी रिकाम्या हातांनी पुण्याला जायचं. एका ठिकाणी मुलाखतीत पोरगेल्या बाईने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? हे म्हणाले, पंचावन्नाव्या वर्षात. नकाराच्या प्रत्येक मेलला ते उत्तर पाठवत, की नापास करण्याचं कारण कृपया कळवावं. एकाही कंपनीने कारण कळवलं नाही. त्यांना नकाराचं वाईट वाटत नसे, याचं वाटे. "मी एकही जोड कारण न लिहिता नापास केला नाही, मालक," एवढंच म्हणत आणि पुन्हा बांबूंखाली जात.

शेवटी मीच मध्ये पडलो. पाया लेबार भागात एक लहान कंपनी आहे, लॉऱ्यांच्या फेऱ्या आखून देणारं सॉफ्टवेअर बनवते. तिच्या मालकिणीने माझ्याकडून चाळीस खुर्च्या घेतल्या होत्या आणि आणखी वीस हव्या होत्या. भाव करताना मी म्हणालो, जुन्या खुर्च्यांची चाकं फुकट बदलून देतो, पण माझ्या माणसाला एकदा बघा. तिने विचारलं, "अंकल, यू सेल चेअर ऑर सेल पीपल?" मी म्हणालो, दोन्ही, आणि दोन्हीला गॅरंटी आहे. ती हसली. तिने ह्यांना एक छोटा प्रोग्रॅम लिहायला दिला. आठ दिवस घरात बनियनला जागा नव्हती.

प्रोग्रॅम त्यांनी मेलने पाठवला. पण त्यासोबत एक बंद पाकीट माझ्या हाती दिलं. मी चाकं बदलायला तिकडे निघालोच होतो. म्हणाले, हा तपासणीचा रिपोर्ट आहे, शाईची सही असल्याशिवाय रिपोर्ट धरत नाहीत, म्हणून हाताने द्यायचा. मी पाया लेबारच्या पार्किंगमध्ये लॉरीत बसून पाकीट फोडलं. आत स्वतःच्याच प्रोग्रॅममधले नऊ दोष नंबर घालून लिहिलेले. नवव्या दोषापुढे लिहिलं होतं, 'दोनपेक्षा जास्त लॉऱ्या रिकाम्या असल्यास फेऱ्यांचा क्रम चुकतो. कारण मला अद्याप समजलेले नाही.' खाली सही.

माझं डोकं फिरलं. मीही खुर्च्या विकतो. कुठल्या खुर्चीचा हात हलतो मला ठाऊक असतं, पण गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय मी सांगत नाही, आणि विचारलं तर म्हणतो, बसून बघा. स्वतःच्या मालावर स्वतःच फुली मारणारा विक्रेता मी उभ्या सिंगापुरात पाहिला नव्हता. मी ते पाकीट लॉरीच्या सीटमागे खुपसलं, वर गेलो, चाकं बदलली आणि परत आलो.

चार दिवसांनी तिने ह्यांना बोलावलं. काम आवडलं, पुढच्या सोमवारपासून या, म्हणाली. दुसरा कोणी असता तर पेढे घेऊनच घरी आला असता. ह्यांनी तिथेच विचारलं, माझ्या रिपोर्टबद्दल आपलं मत काय? ती म्हणाली, कुठला रिपोर्ट?

ते घरी आले, बूट काढले, आणि माझ्यासमोर हात पुढे केला. "मालक, पाकीट."

मी खाली जाऊन लॉरीतून आणून दिलं. त्यांनी फाडलेली कड बोटाने तपासली.

"वीस वर्षांत माझा रिपोर्ट कोणी दाबला नव्हता," ते म्हणाले.

मग मी जे बोललो ते सगळं इथे लिहिता येणार नाही. मार्चची आठवण करून दिली, पुण्यातल्या बायको-मुलीची करून दिली, माझ्या फुकट गेलेल्या चाकांची करून दिली. तुमच्या लाल खडूने आधी माझा घास काढला आणि आता तुमचा स्वतःचा, असंही बोललो. ते पाकिटाची फाडलेली कड चिकटवत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः जाऊन रिपोर्ट देऊन आले. तीन दिवसांनी तिचा मेल आला: तुमचा प्रांजळपणा आवडला, पण नववा दोष आमच्या कामात चालणार नाही आणि शिकवायला आमच्याकडे माणूस नाही, म्हणून नकार. मी कपाळावर हात मारला. ते मात्र तो मेल पुन्हा पुन्हा वाचत होते. पहिल्यांदाच कोणीतरी कारण लिहून दिलं होतं. नोकरी गेलेली असताना पुढचे पंधरा दिवस बसून त्यांनी तो नववा दोष काढला.

तो निघाला हे मला बांबूंवरून कळलं. कागद उतरले होते. सांगितलं नाही त्यांनी. त्या पाकिटानंतर ते मला काही सांगतच नसत. बोलणं होतं, चहा घेता का, पाणी येतंय का, सगळं रीतसर. पण माझ्या इडलीवर पुन्हा चमचा वाजला नाही. नळाला गळती लागली, महिनाभर गळत राहिला, ते शेजारून जात राहिले. मी वाट बघत होतो. शेवटी मीच प्लंबर आणला आणि त्याच्याशी उगाच भांडलो.

फेब्रुवारीत त्यांना नोकरी लागली. विमानतळावरच्या मालाचं सॉफ्टवेअर करणारी कुठलीशी कंपनी, पद ज्युनिअर डेव्हलपर. मला कळलं ते सही करून चार दिवस झाल्यावर, भांडी विसळता विसळता, एका वाक्यात. पगार सांगितला तोच घेतला होता. मी असतो तर निदान आणखी तीनशे डॉलर वाढवून घेतले असते, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

परवानगी वाढली, बायको-मुलगी परत आल्या, आता ते तिकडे पूर्वेला राहतात. दिवाळीला फराळाचा डबा येतो, सोबत नमस्कार. खोलीसाठी लोक येतात. मी आकडा सांगतो, ते घासाघीस करतात, आणि मला ती करावीशी वाटत नाही, म्हणून खोली अजून रिकामीच आहे.

त्यांच्या कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गोदामात उशिरा निघालो. ते इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन लिफ्टपाशी उभे होते. मागून कॉलर उलटी राहिली होती. मी म्हणालो, "इन्स्पेक्टर, कॉलर." त्यांनी ती बोटांनी चाचपली, नीट केली. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे नीट वळून बघितलं आणि विचारलं, "आणखी काही?"

होतं. पण तेवढ्यात लिफ्ट आली, आणि मी म्हणालो, "नाही, बाकी सगळं ठीक आहे."