अकरा महिन्यांची ताई

नवीन पनवेलच्या दवाखान्यात परवा नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मी थेट खाडीकाठच्या आमच्या अंगणात जाऊन पोहोचलो. जवळा वाळत होता, समोरून कंटेनरच्या गाड्या धूर ओकत चालल्या होत्या. विद्यापीठातली संशोधक ताई माझ्या लहानग्या पुतण्याच्या बोटावर असाच बोळा चोळत होती. आईच्या गरोदरपणी श्वासातून गेलेल्या या गाड्यांच्या धुराची खूण बाळाच्या रक्तात उरते का, त्यातून पुढे दमा होतो का, हे तिला आकड्यांनी तपासायचं होतं.

"माज्या पोराला दमा व्हईल का, तेवढं सांग," वहिनी म्हणाली.

"दहा वर्षांचा होईपर्यंत दरवर्षी तपासलं तर कळेल."

"मग तूच ये. तुला बगून रडत नाय तो."

ताईने सुई खाली ठेवली. "माझी नेमणूक अकरा महिन्यांची आहे, वहिनी. मार्चमध्ये संपते."

"मग ज्याची धा वर्सांची हाय, त्याला पाटव."

"तशी इथे कोणाचीच नाही."

मी तेव्हा धुराविरुद्धच्या आंदोलनाची पत्रकं वाटत फिरायचो; पोरांवर प्रयोग बंद करा म्हणून ताईवर डाफरलो. "गप रा भावजी," वहिनी म्हणाली, "तुमची पत्रकं नाक्यावर वाटा." आणि तिने पोराचं बोट पुढे केलं.

आज डाफरेन तर दहा वर्षं लागणारा प्रश्न मंजूर करून तो विचारणारीला वर्षभरही न ठेवणाऱ्यांवर. पुतण्याला आता मिसरूड फुटतंय. धावला की त्याला धाप लागते. वहिनी अजून मलाच विचारते, "भावजी, ती पोरगी कदी येनार?"