टेम्पररी ड्यूटी, दोन हाउंड

साल एकोणसाठ. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बटालियन पंजाबात होती आणि मी सिग्नल प्लाटूनमध्ये लान्सनाईक होतो. सकाळी अकरा वाजता ॲडज्युटंटने बोलावलं. मी सावधान उभा. डोळ्यांसमोर लडाख, निदान ईशान्येकडचा नेफा. ॲडज्युटंटने कागद वाचला.

"टेम्पररी ड्यूटी. डहाणू."

माझं घर कैनाडला. डहाणूहून बैलगाडीने जेमतेम दोन तास. पाच वर्षांपूर्वी अख्ख्या गावाने मला ओवाळून देशाच्या सीमेवर पाठवलं होतं आणि सरकार मला सन्मानाने परत डहाणूला पाठवत होतं.

"ड्यूटी काय, सर?"

"दोन कुत्रे. रोज फिरवायचे." मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मेजर रणदिव्यांसमोर कुत्रे म्हणू नकोस. हाउंड."

मेजर रणदिवे आमचे कंपनी कमांडर. उन्हाळ्यात एक्सरसाइझमध्ये त्यांची जीप उलटली आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. चार महिने हॉस्पिटल, मग सिक लीव्ह. एका इराणी मित्राची डहाणूला चिकूची वाडी होती, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या बंगल्यात ते दोन हाउंड घेऊन राहायला गेले होते. मी त्या भागातला म्हणून मला पाठवलं. सोबत डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी होती, आणि ती फोडून वाचण्याइतका मी नालायक होतो. तिच्यात लिहिलं होतं: हाड जुळलं आहे, आता माणूस जुळायला हवा. जानेवारीच्या मध्यावर मेडिकल बोर्ड. तिथे काठीशिवाय चार मैल चालले तर कंपनी परत मिळेल. नाहीतर उरलेली नोकरी टेबलामागे.

मेजरसाहेब मला भेटले ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत. पुढले तीन आठवडे ते तिथेच भेटले. सकाळी खुर्ची, दुपारी खुर्ची, संध्याकाळी खुर्ची. हातात काठी, पण ती जमिनीवर क्वचितच टेकायची.

हाउंड मात्र एका जागी ठरत नव्हते. बिगुल नर, पिंगट, आवाज नावाप्रमाणे. तुतारी मादी, राखी रंगाची, आवाज बेताचा, वेग भयंकर. दोघंही कारवान जातीचे. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. आमचा दिनक्रम असा: ०५३० तासांना वाडीच्या फाटकातून बाहेर. ओहोळावरची मोरी ओलांडून सुरूच्या झाडांच्या रांगेतून समुद्राकडे, वाळूवर लांब फेरी. ०६१५ ला आगर गावचं मासे सुकवायचं मैदान. ०७०० ला परत. मग रिपोर्ट.

आगरच्या मैदानात ताराबाय भेटायची. पन्नाशीची, नवरा होडीवर, स्वतः बोंबील सुकवणारी. आडव्या बांबूंवर बोंबलांची जोडी जबड्यात जबडा अडकवून टांगायची आणि हात न थांबवता बोलायची. पहिल्याच दिवशी तिने हाउंड आपादमस्तक पाहिले.

"काय रे, साहेब यांना जेवायला देत नाय?"

मी सांगितलं, जातच तशी आहे. पळणारी जात.

"आनि तू कोन?"

मी छाती काढली. कैनाडचा, लान्सनाईक, सिग्नल प्लाटून, खास कामगिरीवर.

तिने माझ्या हातातल्या दोन पट्ट्यांकडे पाहिलं. "कुत्री फिरवायला सरकार बंदूकवाला ठेवतं. म्हनजे देश सुखात हाय."

त्या दिवसापासून मी तिचा कैनाडकर झालो, आणि दोन्ही हाउंड तिचे मेहुणे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुतारी एकदा हातातून निसटली आणि वाडीतच कुठेतरी गायब झाली. मी व्हरांड्यासमोर टाचा जुळवल्या. "सर, एक हाउंड मिसिंग." मला शिटी येत नव्हती. मेजरसाहेबांना यायची. दोन बोटं तोंडात घालून ते दोन सुरांची शिटी घालत, एक खालचा, एक वरचा, की हाउंड असेल तिथून बाणासारखा येई. त्यांनी बसूनच शिटी घातली. तुतारी आली नाही. ते उठले. पायऱ्या उतरले. काठी टेकत विहिरीपर्यंत गेले आणि तिथून शिटी घातली. तुतारी आली. परत खुर्चीत बसेपर्यंत त्यांच्या लक्षातही आलं नाही की ते ऐंशी पावलं चालले होते. माझ्या आलं.

दुसऱ्या दिवशी मी ताराबायला विश्वासात घेतलं. योजना साधी. मूठभर सुका बोंबील ठरलेल्या जागी टाकायचा, हाउंड तिथे सोडायचे आणि मी धावत येऊन रिपोर्ट द्यायचा. बोंबील समोर असताना बिगुल आणि तुतारी अर्धा तास हलत नसत. ताराबाय आमची सप्लाय कोर झाली. मोबदला म्हणून हाउंडांनी तिच्या मैदानातले कावळे पिटाळायचे.

मग मी नाटक लावलं. कधी दम लागलेला, कधी टोपी हरवलेली. एकदा गुडघ्याला काट्याने ओरखडा पाडून घेतला. सिग्नलवाला असल्याने फाटकातूनच संदेश सुरू करायचो.

"हॅलो वन, बिगुल मोरीपाशी, हुकूम मानत नाही, ओव्हर."

व्हरांड्यातून उत्तर यायचं. "हॅलो टू, तू काय करत होतास, ओव्हर."

"पाठलाग, सर. ओव्हर."

"वेट. आउट." आणि काठीचा आवाज यायचा.

नोव्हेंबरअखेर ते मोरीपर्यंत येऊ लागले. डिसेंबरच्या मध्यावर सुरूच्या रांगेपर्यंत. येताना शिव्या माझ्या खानदानाला, जाताना गप्पा हाउंडांशी. नाताळाच्या सुमारास ते आगरच्या मैदानात पोचले आणि ताराबायने त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, ही आता सगळं फोडणार. ती फक्त म्हणाली, "साहेब, तुमचे मेहुणे लई हट्टी." मेजरसाहेब बराच वेळ हसले. मी त्यांना अपघातानंतर हसताना पाहिलं नव्हतं.

पण काठी सुटत नव्हती. जानेवारी लागला. बोर्डाला दहा दिवस उरले आणि मी हाव धरली. आगरच्या पुढे खाडीचा बांध होता, बंगल्यापासून सव्वा मैल. जाऊन येऊन अडीच मैल. तिथपर्यंत आणलं तर चार मैल दूर नव्हते.

मी कैनाडचा माणूस. आमच्या शेतात गुडघाभर चिखलात भात लावत मोठा झालो. चिखलाला मी कधी भ्यालो नव्हतो. सकाळी ओहोटी होती. बांधापलीकडे खाडीचा तळ उघडा पडला होता, वर पांढुरकी खपली. मी बोंबील लांब भिरकावला. बिगुल काठावर थांबला. तुतारी गेली.

चौथ्या उडीला तिचे पाय आत गेले. ती झटका देऊन वर यायला गेली आणि पोटापर्यंत रुतली. मी मागोमाग उतरलो. दोन पावलांवर मांडीपर्यंत गेलो. भाताच्या चिखलाला तळ असतो. याला नव्हता. ताराबाय धावत आली, टोपली फेकली, माझी कॉलर धरून मला बांधावर ओढलं. माझा डावा आर्मी बूट अजून डहाणूच्या खाडीत आहे.

तिने पाण्याकडे पाहिलं. "भरती लागली. तासाभरात इथं पानी." मग होडीतल्या फळ्या आणायला तिने बायकांना हाका मारल्या. पुरुष सगळे समुद्रात होते. फळी टाकून ती स्वतः पालथी पुढे सरकली, पण हात जवळ गेला की तुतारी घाबरून धडपडायची आणि आणखी आत जायची. दोनदा झालं. ताराबाय मागे सरकली.

"कैनाडकर, ही अशी हलली तर पान्याच्या आधी चिखल खाईल. हिला गप कोन करतं?"

एकच माणूस करत होता.

मी एका बुटावर पळालो. ०७२५ ला फाटकात. मेजरसाहेब चहा घेत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी कप खाली ठेवला आणि भुवई उंचावली. "हॅलो टू, आज किती फर्लांग?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आणि मी तर दोन महिने रोज याच जागी नाटक केलेलं. आता खरं सांगायला माझ्याकडे एकही युक्ती उरली नव्हती. मी आवाज चढवला नाही. हातवारे केले नाहीत.

"सर, तुतारी खाडीत रुतली. भरती लागली आहे. चूक माझी."

त्यांनी माझ्या अनवाणी पायाकडे पाहिलं. मग उठले. एवढंच विचारलं, "अंतर?"

"सव्वा मैल."

"चल."

मोरीपर्यंत ते काठी टेकत आले. सुरूच्या रांगेत त्यांचा वेग वाढला. लंगडत होते, दात आवळले होते, पण थांबले नाहीत. मी खांदा पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. आगरच्या मैदानातून खाडी दिसली, आणि चकाकणारं पाणी दिसलं. तिथे त्यांनी काठी बाजूला फेकली आणि ते धावले. ते धावणं सुंदर नव्हतं. एक पाय धावत होता, दुसरा मागून फरफटत हुकूम पाळत होता.

०७५२ ला आम्ही बांधावर. पाणी तुतारीपासून वीस पावलांवर. तिचं फक्त डोकं, मान आणि पाठीची कड वर होती. मेजरसाहेबांनी दोन बोटं तोंडात घातली. खालचा सूर, वरचा सूर. तिने मान वळवली.

"तुतारी. डाउन."

ती तशीच थांबली आणि हनुवटी चिखलावर टेकवली.

"स्टे."

मी फळ्यांवरून पालथा सरकलो. सगळ्यांत हलका मी होतो आणि पाप माझंच होतं. जुन्या जाळ्याचा तुकडा तिच्या छातीखालून सरकवायला मला अकरा मिनिटं लागली. पाणी माझ्या कोपरांना लागलं, मग तिच्या कानाला. तिचं अंग थरथरत होतं, पण पाय हलले नाहीत. मागून मेजरसाहेबांचा आवाज येत होता, सपाट, परेडवरचा. "स्टे. शाबास. स्टे." मी हात वर केला. ताराबाय आणि चार बायकांनी दोर ओढला. आधी तुतारी आली, मग फळीसकट मी.

बांधावर तुतारीने अंग झटकलं आणि सगळा चिखल मेजरसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर उडवला. ते तिच्याशेजारी मातीत बसले.

ताराबाय काठी घेऊन आली. "साहेब, ही तुमची."

त्यांनी काठीकडे पाहिलं, मग मैदानाकडे. "तुम्हाला काही उपयोग आहे?"

"बांबू कमी पडतो बोंबलाला."

"मग ठेवा."

परतताना ते माझ्या पुढे होते. मोरीपाशी मागे न वळता म्हणाले, "टोपीचा सीन चांगला होता. मोरीचा ठीक. काट्याचा ओरखडा ओव्हरॲक्टिंग."

"सर, कधीपासून माहीत होतं?"

"तुझ्या खिशाला बोंबलाचा वास येतो, नाईक. दोन महिने."

बोर्डासमोर ते चार मैल चालले. पाचवा मैल, म्हणे, कोणी मागितला नसताना चालून दाखवला. कंपनी परत मिळाली.

एकसष्टच्या अखेरीस माझी सात वर्षं भरली आणि मी घरी निघालो. कंपनी नेफात वर जाणार होती. तिथे हाउंड नेता येत नव्हते. निघायच्या सकाळी मेजरसाहेबांनी दोन्ही पट्टे माझ्या हातात दिले आणि अर्धा तास खपून मला ती शिटी शिकवली. जीभ मागे, ओठ आत, दोन बोटं. माझ्या तोंडून नुसती हवा निघाली. "प्रॅक्टिस कर," ते म्हणाले. "ही टेम्पररी ड्यूटी. मी येऊन रिलीव्ह करेपर्यंत."

बासष्टच्या नोव्हेंबरात, चीनच्या लढाईत, ते पडले. मला जानेवारीत कळलं, कंपनीतल्या एका जवानाच्या पत्रातून. त्याने लिहिलं होतं की माघारीचा हुकूम आला तेव्हा साहेबांनी जखमींना आधी खाली पाठवलं आणि स्वतः शेवटच्या सेक्शनबरोबर थांबले. अकरा जखमी खाली पोचले. पत्र लिहिणारा त्यांतला एक.

दोन आठवड्यांनी मी हाउंड घेऊन आगरला गेलो. ताराबाय बोंबील टांगत होती. मी सांगितलं. मग जे दोन आठवडे मनात होतं तेही सांगितलं. मावशी, ते खुर्चीत बसले असते तर आज असते. त्यांना मी चालवलं.

तिचे हात पहिल्यांदाच थांबले. तिने वरच्या बांबूंमध्ये बांधलेल्या त्या काठीकडे बोट केलं. पितळी टोकाची काठी, बोंबलांनी वाकलेली.

"ही तू टाकलीस का त्यांनी?"

"त्यांनी."

"मग." ती पुन्हा टांगायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "बस. मेहुण्यांना कायतरी घाल."

त्यानंतर मला तलासरीला आश्रमशाळेत पहारेकऱ्याची नोकरी लागली. तुतारी तिथेच व्याली. बाप बिगुल. पाच पिल्लं. दोन मी ठेवली, तीन आसपासच्या पाड्यांवर गेली. आता त्यांचीही पिल्लं झाली आहेत. तलासरीच्या डोंगराकडे जाताना एखाद्या झोपडीसमोर बरगड्या मोजता येतील असं पिंगट जनावर दिसलं, तर त्याला उपाशी समजू नका. ते मेजरसाहेबांच्या घरचं आहे.

०५३० ला मी निघतो. दोन हाउंड, पाच मैल, भातखाचरांच्या बांधांवरून. चिखल दिसला की आधी काठीने तळ बघतो. परत फिरायच्या जागी दोन बोटं तोंडात घालतो. खालचा सूर, वरचा सूर. आता मला येतो. ज्यांनी मेजरसाहेबांना कधी पाहिलं नाही, ते हाउंड त्यांच्या शिटीवर बाणासारखे येतात. मी पट्टे लावतो आणि रिपोर्ट देतो, मोठ्याने, रस्त्यावर कोणी असलं तरी.

"हॅलो वन. दोन हाउंड, सर्व हजर. ड्यूटी चालू. ओव्हर."