रिकाम्या खुर्चीला पडलेला खळगा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं की ताईचं अंगण दिसतं, आणि मी पाहते. पाहू नये म्हणणाऱ्यांनी आधी आपापल्या खिडक्यांना पडदे लावावेत. अंगण म्हणजे तरी काय, चार फरश्या, एक नळ, नळाखाली लांबट हौद आणि हौदात भिजत पडलेली वेताची वेटोळी. लांबून बघणाऱ्याला थेट साप वाटतात. नवा पोस्टमन आला तेव्हा फाटकाबाहेरूनच पत्र भिरकावून पळाला होता.

ताई खुर्च्या विणते. ती काही माझी सख्खी बहीण नाही, पण वयाने मोठी, म्हणून ताई. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. नवऱ्याला विणकाम कधी जमलं नाही, खुर्चीवर बसणं मात्र फार सुरेख जमायचं. हे मी नाही म्हणत, तीच सांगते. आता सासरेही नाहीत आणि नवराही नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेली, फोनवर भेटते. जिन्यावरून पडल्यापासून ताईचा उजवा खुबा धड नाही. डाव्या कुल्ह्यावर सगळा भार टाकून, पुढे वाकून बसते, आणि चालताना डुलते. मी तिला बदक म्हणते, ती मला कळलावी म्हणते. फिट्टंफाट.

तिचं घर चर्चच्या मालकीचं. चर्चच्या मागे बैठ्या खोल्यांची एक ओळ आहे. बाकीच्या खोल्यांत मोडके बाक आणि धूळ, आणि शेवटच्या खोलीत ताई. चर्चच्या खुर्च्या दुरुस्त करायच्या आणि रविवारी दुपारी समितीची बैठक असली की हॉल लावून चहा करायचा, हे तिचं ठरलेलं काम.

समिती म्हणजे न्याय समिती. नवे फादर आले आणि त्यांनी ती सुरू केली. त्यांचं म्हणणं असं की चर्चची शिकवण नुसती वेदीपुढे ऐकून घरी जाण्यासाठी नाही. माणसाच्या कष्टाला मान आहे, आणि जो सगळ्यात दुबळा त्याच्याकडे आधी बघायचं. तेव्हा आपल्या आजूबाजूला काय चाललंय ते पाहा, शिकवणीच्या कसोटीवर पारखा, मग काहीतरी करा. अध्यक्ष झाले हेडमास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हजेरी घेतल्याशिवाय त्यांना कुठलीही सभा सुरू करता येत नाही. मी समितीवर नाही. मला कोण घेणार? पण बैठक सगळ्यांना खुली असते आणि बिस्किटं चांगली असतात.

पहिल्याच बैठकीत फादर म्हणाले, "एक खुर्ची रिकामी ठेवायची. ज्याच्याबद्दल आपण बोलतोय, त्याची. म्हणजे तो समोर बसलाय असं समजून जपून बोलाल."

कल्पना सगळ्यांना आवडली. मग अडगळीतून हातांची एक भारदस्त जुनी खुर्ची काढली आणि ताईला विणायला दिली.

"म्हणजे जिच्यावर कुणी बसायचं नाही तीच नवीकोरी विणायची?" ताई मला म्हणाली. "आणि मास्तर बसतात ती फाटकीच राहू दे होय?"

पण विणली बाई तिने. इतकी ताठ की बोटाने टिचकी मारली तर डफासारखी वाजायची.

त्या खुर्चीसमोर समितीने खूप चर्चा केल्या. कारखान्यातले कंत्राटी कामगार झाले. मोटरसायकलवरून घरोघरी जेवण पोचवणारी मुलं झाली, ज्यांना आजारी पडायलाही सवड नसते. एकटे राहणारे म्हातारे झाले. मास्तर हजेरी घ्यायचे आणि शेवटी त्या खुर्चीकडे चष्म्यावरून बघून म्हणायचे, "हजर?" मग सगळे जरा हसायचे आणि काम सुरू व्हायचं.

एका रविवारी मास्तर म्हणाले, "हजर?" आणि खुर्ची करकरली.

वेताच्या खुर्चीवर कुणी बसलं की बैठक आधी दाबली जाते आणि मग माणूस टेकला की गप्प होते. तसा आवाज. एकदाच. मी बिस्कीट चहात बुडवलं होतं, ते कपातच राहिलं.

"हवा बदलली की वेत बोलतो," मास्तर म्हणाले. बरोबरच असेल. दरवाजे उघडे होते, बाहेर लख्ख ऊन होतं, भुतांची वेळ नव्हती. पण पुढच्या रविवारी तेच झालं. "हजर?" करर्र. त्याच्या पुढच्याही रविवारी. आता कुणी हसेना. एका बाईंनी आपली खुर्ची हळूच भिंतीकडे सरकवली.

आणि खुर्चीच्या बैठकीला पोट आलं. नव्या विणीला खळगा पडला होता. बशीएवढा, मग ताटाएवढा. ताईने खुर्ची उलटी करून विणीला खालून पाणी लावलं. ओला वेत वाळताना आवळतो, बैठक पुन्हा ताठ झाली. आठवड्यात परत खळगा.

फादर पवित्र पाण्याची बाटली घेऊन आले तेव्हा ताई म्हणाली, "फादर, शिंपडायचंच तर खालून शिंपडा. निदान वेत आवळेल."

फादर हसले. मग त्यांनी बाटली खाली ठेवली आणि पुढे बैठकभर त्या खुर्चीकडे बघितलं नाही.

आता संशय कुणावर? माझ्यावर. आपली कीर्तीच तशी. लोकांच्या छत्रीत शेंगांची टरफलं भरणारी बाई मी. मास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही आठवड्यात येऊन बसता का तिच्यावर?"

"मास्तर, मी बसले असते तर खळगा नाही, भोक पडलं असतं."

तरी हे डोक्यात राहिलंच. बैठक संपल्यावर मी खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत काळा दोरा ताणून बांधला. माणूस सोडा, मांजर बसलं तरी तुटेल असा. हॉलला कुलूप लागलं, किल्ली फादरांकडे. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी मी आत शिरले. दोरा होता तसाच होता, ताठ, माझ्याच गाठी. आणि त्याच्याखाली खळगा पहिल्यापेक्षा खोल. आता त्याला आकारही आला होता. मधोमध नव्हता तो. डावीकडे खोल, आणि पुढच्या कडेला दबलेला.

मी दोरा तोडून खिशात टाकला आणि कुणाला काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे प्रकरण किती गंभीर असेल ते माझ्या नवऱ्याला विचारा. त्याने मला ताप आहे का ते बघितलं.

मधल्या एका दुपारी ताईकडे कात्री मागायला गेले. ती हौदात हात घालून वेत चाचपत होती, म्हणून मीच आत जाऊन कात्री शोधायला लागले. खोली नेहमीपेक्षा आवरलेली. आऱ्या, ठोकण्या, सुया, सगळी हत्यारं पुसून एका फडक्यात बांधलेली. खिडकीशी तिचं कामाचं बुटकं स्टूल. त्याचीही बैठक वेताची, जुनी, चकचकीत झालेली. बैठकीला खळगा. डावीकडे खोल, पुढच्या कडेला दबलेला.

मी मागे वळले तर ताई दारात, ओले हात पदराला पुसत.

"दिसला ना?" ती म्हणाली.

"ताई, हा तर तोच..."

"मला तिसऱ्याच रविवारी कळलं होतं. आपलं बसणं आपल्याला ओळखू येणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुला? संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं." मग ती त्या स्टुलावर बसली. वेत करकरला आणि गप्प झाला. हुबेहूब तो आवाज. "बोलावणं आलंय गं कळलावे. तिकडे माझी जागा तयार होतेय. रोज थोडी थोडी. म्हणून आवरून ठेवतेय. ही हत्यारं तू घेऊन जा. तुला विणता येणार नाही, पण कुणी शिकणारं भेटलं तर दे."

मी कात्री न घेताच घरी आले. त्या दिवसापासून खिडकीत जाऊन ताई दिसते ना, एवढंच बघायची.

रविवार आला. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून बिस्किटांकडे न बघता मी बैठकीत जे चाललं होतं ते ऐकलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच ऐकलं. ताई नेहमीप्रमाणे हॉलशेजारच्या छोट्या स्वयंपाकघरात, चहाच्या पातेल्याशी. मास्तरांनी हजेरी घेतली, खुर्ची करकरली, आणि ते घाईघाईने म्हणाले, "मागच्या काही बैठकांपासून चाललेला विषय. श्रमिक मदत केंद्र. आज पक्कं करून टाकू."

केंद्र चांगलंच होतं हो. नोकरीवरून काढलेल्यांना सल्ला, परगावाहून आलेल्यांना चार दिवस टेकायला जागा, कामावर जखमी झालेल्यांना मदत. जागा कुठली, तर चर्चमागची बैठी ओळ. पाडायची आणि नवं बांधायचं. मला इतके दिवस वाटत होतं की अडगळीच्या खोल्यांचंच बोलताहेत.

"आणि शेवटच्या खोलीतल्या बाई?" कुणीतरी विचारलं.

"त्यांची उत्तम सोय केलीये," मास्तर म्हणाले. "गावाच्या त्या टोकाला, लिफ्ट असलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर खोली. आत्ता सांगून उगाच घोर कशाला लावायचा? सगळं ठरलं की मी स्वतः सांगेन."

चौथा मजला. हौद नाही, अंगण नाही. वेत काय वॉशबेसिनमध्ये भिजवणार? खुर्च्या कोण चौथ्या मजल्यावर वाहून आणणार? मी त्या खुर्चीकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगते, आमच्या सगळ्यांच्या देखत तो खळगा केसभर खाली गेला. आवाज न करता.

दारात कपांचा किणकिणाट झाला. ताई ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण कपांवर साय धरली होती.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. डुलत डुलत खुर्च्यांच्या वर्तुळाच्या मधून गेली आणि त्या खुर्चीवर बसली. डावीकडे भार टाकून, पुढे वाकून. खळग्यात ती अशी बसली जशी वाटीवर झाकणी. करकर नाही, काही नाही.

"मला वाटलं, देव बोलावतोय," ती म्हणाली. "तुम्ही होय ते."

मास्तर म्हणाले, "ताई, हे तुमच्या भल्याचंच..."

"असेल की. पण मी भिंतीपलीकडेच चहा करत होते, मास्तर. हाक मारली असती तर आले असते. माझ्यासाठी खुर्ची ठेवलीत आणि मला तेवढं बोलवायचं राहिलं."

मास्तर काही वाईट माणूस नाहीत. त्यांनी आपला मुद्दा सोडलाही नाही. "केंद्रात शेकडो माणसं येतील. एका खोलीसाठी शेकडोंचं अडवायचं का? सगळ्यांचं हित बघायला नको?"

"शेकडो कोण?"

"कामगार. कष्टकरी."

"मग मी कोण?" ताईने विचारलं. "मला हलवून कष्टकऱ्यांना मदत करणार, आणि चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? एक दिवस तुमच्याच केंद्रात येऊन सल्ला मागू?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मी नव्हते.

फादरांनी आपली खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "सगळ्यांचं हित म्हणताना त्या सगळ्यांतून एक वजा करता येत नाही, मास्तर. ही चूक माझी आहे. खुर्ची ठेवली की काम झालं असं मी समजलो." मग ताईकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगा, काय करता येईल?"

वादावादी झाली. चहा पार गार झाला. शेवटी ठरलं ते असं की अडगळीच्या खोल्या रिकाम्या करून, डागडुजी करून केंद्र तिथेच होईल, मास्तरांच्या मनातल्यापेक्षा लहान. ताईची खोली, नळ आणि हौद जागेवर राहतील. मास्तर दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. वास्तविक मी त्यात काहीच केलं नव्हतं. मला फार अपमान वाटला.

ताईने फडकं सोडून हत्यारं पुन्हा मांडली. खुर्ची खालून ओली केली, वाळवली, ताठ केली. मग कितीतरी रविवार "हजर?" म्हटल्यावर काही वाजलं नाही. आता ताई त्याच वर्तुळात बसते, मास्तरांच्या शेजारी, आणि त्यांची फाटकी खुर्चीही एकदाची विणून झालीये. चहा आळीपाळीने होतो. मास्तर करतात तो पिण्यासारखा नसतो.

गेल्या रविवारी मात्र विषय अगदी साधा होता. हॉलच्या मागच्या बाजूला एक जिना आहे. वापरात नाही, खाली नुसती कोनाड्यासारखी जागा, तर त्याच्या दाराला कुलूप घालायचं. दोन मिनिटांचं काम. मास्तरांनी हजेरी संपवली, चष्म्यावरून बघितलं, "हजर?" म्हणाले.

करर्र.

अगदी हलका आवाज होता. सगळ्यांनी बघितलं. बैठकीला नवा खळगा पडला होता. छोटा, मागच्या कडेला लागून, जणू कुणी पाय पोटाशी घेऊन अंग चोरून बसलंय. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. इतके दिवस विनोदाने विचारायचे, आता त्यांचा आवाज खरोखर बदलला होता. "आपण... कुणाबद्दल बोलतोय?"

कुणालाच माहीत नव्हतं. जिन्याबद्दलच तर बोलत होतो.

ताई उठली. ट्रेमधला एक कप उचलला, बशीत चार बिस्किटं ठेवली. माझ्या वाटची. आणि डुलत डुलत मागच्या जिन्याच्या दाराकडे निघाली. आम्ही कुणी हललो नाही. दार उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग ताईचा आवाज, माझ्याशी बोलते ना तसाच खेकसल्यासारखा.

"असं पाय आखडून बसू नये रे. मुंग्या येतात. धर, गरम आहे."