चावडीच्या पायरीवरचे नवे बूट

मला एका जागी बसवत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ झालंय. त्यात सुजाताचा फोन आला. "चावडी तयार झाली. रविवारी ये आणि खोली घेणार की नाही ते एकदाचं सांग. तात्या पण येतो म्हणालेत. माझा जीव थाऱ्यावर नाही बघ."

सुजाता वकील, मी सीए. पारनेरजवळ तिच्या गावात जुनी चावडी पडीक होती. ती ग्रामपंचायतीकडून भाड्याने घेऊन तिने ऑफिसं करायला काढली. तात्या म्हणजे तिचे वडील, नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांना या चावडीच्या पायरीखाली चपला हातात धरून उभं राहावं लागायचं. त्यामुळे तात्यांनी आजवर आत पाऊल टाकलेलं नव्हतं.

जाणार असाल तर पुण्याहून शिरूरमार्गे पारनेरची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जागा पकडायला चपळाई लागते. वाघोलीत गाडी इतकी रखडली, की मी दोनदा उठून पुन्हा बसले. शिरूरला भेळ खाल्ली. वाडेगव्हाणला आत वळल्यावर राळेगणसिद्धी मागे पडलं आणि पारनेर आलं. पुढे वडापची जीप, गुडघे पोटाशी घेऊन. गावात मुक्कामाची सोय नाही, परतीची गाडी आधीच विचारून ठेवा.

चावडी बघून मात्र मी हरखले. भिंतींवरचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केलेला, सागवानी खांबांना जवसाचं तेल, आणि दगडी फरशी घासून घासून अशी काढलेली की पाय ठेवायला मन धजावेना. ठेकेदार नानांनी दारात पाटी लावली होती : 'चपला-बूट बाहेर काढावेत.' मला त्यात काही खटकलं नाही. माझ्या पुण्याच्या ऑफिसात हीच पाटी आहे. सुजाता मागे पंगतीच्या गडबडीत होती, तिने ती पाहिलीच नव्हती.

तात्या आले. इस्त्रीचा सदरा, पायात कोरे करकरीत काळे बूट. पायरीशी थांबून त्यांनी पाटी वाचली. मग खाली बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

सुजाता धावत आली. "तात्या, नका काढू!"

"आगं, लिव्हलंय की."

तिने पाटी वाचली. तिचा चेहरा मला बघवेना.

नाना म्हणाले, "ताई, फरशी लई नाजूक हाय. डाग पडत्याल."

"पडू देत." तिने पाटी उचकटून भिंतीशी पालथी टाकली.

तात्या तरी उठेनात. मी ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चकरा मारत होते. हा माणूस आता परत फिरतो की काय, हीच धास्ती. माझ्या खोलीचा विचार तर कधीच मागे पडला होता.

शेवटी त्यांनी विचारलं, "सायब बसायचं ती खोली कंची?"

"तीच माझी," सुजाता म्हणाली.

"मंग दाव की."

एक नाडी सुटलेली तशीच लोंबत ठेवून ते आत गेले. फरशीवर धुळीचे ठसे उमटत गेले. खोलीत ते बराच वेळ भिंतीला हात लावून उभे राहिले. "माझ्या बापानं हे आतून बघितलं न्हाई," एवढंच म्हणाले. सुजाता ढसाढसा रडली, मीही रडले. नाना फडकं घेऊन ठसे पुसायला आले, त्यांना आम्ही दोघींनी हाकललं. पंगतीत शेंगदाण्याची आमटी आणि बाजरीची भाकरी होती. मी दोन वाट्या आमटी प्यायले आणि जेवतानाच खोली घेते म्हणून सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या ऑफिसातली पाटी काढली. तरी पहिला क्लायंट सवयीने बूट काढायला दारातच वाकला. राहू द्या म्हटलं, तर माझ्याकडे संशयाने बघायला लागला.

आठवड्याभराने मला राहवेना. सुजाताला फोन केला. "तात्या कसे आहेत?"

"रोज सकाळी पेपर वाचायला येतात इथे."

"बूट घालून?"

"छे! जुन्या चपला घालून येतात. म्हणतात, बूट चावत्यात."