जहाजाचा पंचनामा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण सांगता सांगता मी पुन्हा तापणार आहे. फजिती झाली हो माझी, साधीसुधी नाही! आणि कुठं? धाराशिवच्या कॉलेजात, तीस-पस्तीस शिकलेल्या पोरापोरींसमोर. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला कॉलेजात जायची गरज काय होती, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला तेच विचारतो. रोज.

मी सोमनाथ. लोहाऱ्याला रहीमचाचांच्या दुकानात विहिरीवरच्या मोटारी भरतो. मोटार जळली की आतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची, वेढे मोजून. वेढे चुकले की मोटार पुन्हा जळणार आणि गिऱ्हाईक आपल्याला जाळणार. बोलण्यात मी कच्चा. चार माणसं समोर आली की तोंड मिटतं. पण आकडा? आकडा माझ्या हातून चुकत नाही, हे चाचा साऱ्या बाजाराला सांगतात.

माझी चुलतबहीण सुनीता धाराशिवला शिकते. तिच्या भूगोलाच्या मॅडमनी एक गट केलाय. काम काय, तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या जहाजांच्या वह्या उतरवून काढायच्या. जहाजावरचा अधिकारी दर चार तासांनी वहीत लिहायचा, जहाज कुठं आहे, वारा कुठला, थंडी किती, बर्फ दिसला का. त्या वह्यांचे फोटो आता इंटरनेटवर आहेत. जगभरातली माणसं ते आकडे टाइप करून देतात आणि त्यावरून शास्त्रज्ञ जुनं हवामान शोधतात. सगळं काम हौसेचं. कुणाला काही मिळत नाही. चाचांना हे दोन दिवस पटलंच नाही.

“दादा, तुझं इंग्रजी कच्चं हाय, तवा शेऱ्यांचा रकाना सोडून दे,” सुनीता म्हणाली. “नुसते आकडे टाइप कर. आन् मॅडमचा नियम एकच. दिसतंय तेच लिहायचं. मनचं कायबी न्हाय.”

दुपारी लाईट गेली की दुकान थंड. मी मोबाईल घेऊन बसायचो. ती वळणदार अक्षरं, शाईचे डाग, सातासारखा दिसणारा एक. महिन्याभरात माझा हात असा बसला की मॅडमनी गटावर मेसेज टाकला, ‘सोमनाथचे आकडे सगळ्यात नीट आहेत. रविवारी त्यानं कॉलेजात येऊन बाकीच्यांना काम दाखवावं.’

तो मेसेज मी किती वेळा वाचला, विचारू नका. आईला वाचून दाखवला. वडिलांना, म्हणजे आबांना, दाखवला. ते म्हणाले, “म्हंजी तू त्यास्नी शिकवणार?” मी म्हणालो, “व्हय.” आबा उठले आणि माझा पांढरा सदरा इस्त्रीला टाकून आले. स्वतः!

एवढं सगळं चांगलं चाललं होतं. आणि मग ते जहाज थांबलं.

प्रत्येक पानावर जहाजाची जागा दोन आकड्यांत लिहिलेली असते. रोज चालणारं जहाज, रोज आकडे बदलणार. पण या जहाजाचे आकडे बदलेनात. पहिल्या दिवशी वाटलं, बंदरात असेल. पाचव्या दिवशी तीच जागा. विसाव्या दिवशी तीच. मी पानं पुढं ढकलून मोजली. चाळीस दिवस! दिवसभरात किती मैल गेलं? शून्य. दुसऱ्या दिवशी? ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं. जहाज आहे की भंगारात काढलेली एसटी?

माझं डोकं सणकलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीला एवढा राग? थांबा, सांगतो.

आमच्या गावाशेजारी पाऊस मोजायचं यंत्र आहे. त्याचा उपयोग एकच, त्याला शेळी बांधता येते. मी नववीत असताना एक साल असं गेलं की शेतातलं ढेकूळ भिजलं नाही. दुष्काळाची यादी लागली, त्यात आमचं गाव नव्हतं. का? तर रजिस्टरात पाऊस झकास झालेला! जो बाबू लिहायचा तो सहा महिन्यांत यंत्राकडं फिरकलासुद्धा नव्हता. घरी बसून, पंख्याखाली, आमच्या डोक्यावर पाऊस पाडत होता. आबा त्या कचेरीच्या पायऱ्यांवर तीन दिवस बसले. शेजारी मी. मला लई बोलायचं होतं. एक शब्द फुटला नाही. त्याच साली माझी शाळा सुटली.

आता कळलं, राग कशाचा? मी तडक चाचांपुढं मोबाईल धरला.

“चाचा, बघा. चाळीस दिस एकाच जागी!”

चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “समुंदरात रस्ता बंद होतो का रे कधी? हा घरी बसून लिहितोय.”

“पर थंडीचा आकडा रोज थोडा थोडा बदलतोय की.”

“तीच तर हुशारी बेटा! रोज एकच लिहिलं तर साहेब धरंल. म्हणून एक-दोन इकडं, एक-दोन तिकडं. मुरलेला गडी हाय.”

“रातच्या बाराला बी मोजल्यात. पहाटं चारला बी.”

“पहाटं चारला!” चाचांनी पक्कड खाली आपटली. “नोकरीतला माणूस पहाटं चारला उठून थंडी मोजतोय? बोगस! शंभर टक्के बोगस!”

निकाल लागला. मी गटावर मेसेज लिहायला घेतला. बोलताना मी मांजर असेन, पण लिहिताना? हा एवढा मोठा मेसेज! ‘ह्या अधिकाऱ्यानं चाळीस दिवस जहाजावर पाऊल टाकलेलं नाही. असल्या माणसांमुळं गावंच्या गावं मरतात.’

गट पेटला. “दादा, भारी पकडलं!” “काढा त्याला नोकरीवरून!” एकानं लिहिलं, “अहो, तो मरून शंभर वर्षं झाली असतील.” मी लिहिलं, “मेला म्हणून काय झालं? लाज वाटली पाहिजे!”

मॅडमचं उत्तर एका ओळीचं आलं. ‘सोमनाथ, ही पानं रविवारी सगळ्यांसमोर उघडू.’

वाटलं, मॅडमसुद्धा चिडल्यात.

आता त्या चाळीस दिवसांच्या आकड्यांचं मी काय केलं? इथं खरी माती खाल्ली. पहिल्या दिवसाचे, दर चार तासांच्या थंडीचे, सहा आकडे नीट बघून भरले. आणि पुढचे एकोणचाळीस दिवस तेच सहा आकडे चिकटवत गेलो. भराभर! त्यानं न बघता लिहिलं, मग मी का डोळे फोडून घेऊ? चोराच्या वहीला कसला आलाय मान? मनाला जरासुद्धा टोचलं नाही, खरं सांगतो. उलट छाती फुगली.

रविवारी इस्त्रीचा सदरा घालून एसटीत बसलो. दुकान बंद करून चाचाही निघाले. म्हणाले, “असा तमाशा पुन्हा बघायला भेटणार न्हाय.” कॉलेजच्या खोलीत पोरं खच्चून बसलेली. सुनीता पहिल्या बाकावर, चाचा शेवटच्या. मॅडम साध्या सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, “आधी तुझं म्हणणं सांग.”

आणि काय झालं कुणास ठाऊक, माझं तोंड सुटलं! इतक्या वर्षांपूर्वी कचेरीच्या पायऱ्यांवर जे बोलायचं होतं, ते सगळं त्या जहाजावरच्या अधिकाऱ्यावर पडलं. पगार खाताय, वही रंगवताय, लाज वाटती का? आमचं ढेकूळ भिजलं न्हाय आन् तुमच्या कागदाला पूर आला! पोरांना ढेकळाचा आणि जहाजाचा संबंध कळला नसेल, पण टाळ्या पडत होत्या. टाळ्यांनी माणूस जास्तच वाहवतो. मी टेबलावर मूठ आपटली.

“ज्यानं एक आकडा जरी न बघता भरला असंल, त्याला असा सगळ्यांसमोर फळ्यापाशी उभा करा! पूर्ण नाव विचारा! बापाच्या नावासकट!”

चाचांनी शिट्टी मारली.

मॅडम म्हणाल्या, “बोललास छान. आता शेऱ्यांचा रकाना वाचू. तो तू सोडला होतास ना?” त्यांनी पडद्यावर पान मोठं केलं आणि एक एक ओळ मराठीत सांगू लागल्या.

‘समुद्र गोठला. जहाज बर्फात घट्ट अडकलं आहे. हलत नाही.’

दुसरं पान. ‘चहूकडं बर्फ. कुऱ्हाडींनी फोडून पाहिला, उपयोग नाही.’

तिसरं पान. ‘पहाटे चारला थंडी मोजायला गेलेल्याची बोटं धातूला चिकटली, कातडी निघाली. पट्टी बांधली. आठला तोच पुन्हा गेला.’



आता मला सांगा, माझी काय चूक? मी समुद्र बघितलेला नाही. बर्फ बघितला तो रसवंतीच्या गाड्यावर, पोत्यात गुंडाळलेला. मला वाटायचं, समुद्रात बर्फाचे खडे तरंगत असतील रसाच्या ग्लासात तरंगतात तसे, आणि जहाज बाजूनं जात असेल. अख्खा समुद्र, तोही खारट, फरशीसारखा घट्ट होतो आणि माणसं त्यात चाळीस दिवस अडकून पडतात, हे कुणी सांगितलं होतं मला? सुनीतानं? तिनंच तर सांगितलं, शेरे सोड म्हणून! असा संताप आला सुनीताचा!

आणि मग एकदम माझे ते एकोणचाळीस दिवस आठवले. पायाखालची फरशी गार लागायला लागली.

“म्हणून ही पानं लाखमोलाची आहेत,” मॅडम म्हणाल्या. “एका माणसानं बोटं सोलून घेऊन हे आकडे लिहून ठेवलेत. आपण प्रत्येक पान तिघांना वेगवेगळं देतो, म्हणजे चूक सापडते. या पानांचे तिघांचे आकडे आता शेजारी शेजारी बघू.”

मला म्हणायचं होतं, मॅडम, नका. पण तोंड पुन्हा मिटलं होतं.

पडद्यावर तीन रकाने आले. पहिला आणि दुसरा, आकड्याला आकडा जुळत होता. आणि तिसरा? तिसऱ्यात तेच सहा आकडे. वरून खाली. चाळीस दिवस.

“अय्यो, ह्यानं तर नुसते चिकटवलेत!” एक पोरगी ओरडली.

“न बघता भरलंय!” दुसरा. “फळ्यापाशी उभं करा त्याला!”

आणि शेवटच्या बाकावरून सगळ्यात मोठा आवाज कुणाचा? आमच्या चाचांचा! बाकावर उभे राहून! “सोडू नका मॅडम! पोरगं सकाळपास्नं हेच बोंबलतंय! कोण हाय तो हरामखोर, नाव सांगा त्याचं!”

सुनीतानं ओढणीत तोंड लपवलं. मॅडमनी नाव सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं, शांतपणे, आणि खडू टेबलावर ठेवला.

ते आकडे मी नंतर परत भरून दिले, एक एक बघून, हे तुमच्या माहितीसाठी. पण त्या क्षणाला काय करायचं? पळून जावं तर दार चाचांच्या बाजूला. आणि मला फळ्यापाशी बोलवायचीसुद्धा कुणाला गरज नव्हती. मी तिथंच उभा होतो.

मी नाव सांगितलं. पूर्ण. बापाच्या नावासकट.

मागून चाचा ओरडले, “मोठ्यानं सांग बेटा! मागं ऐकायला येईना!”