भावोजींची न गंजणारी सायकल

आमच्या भावोजींइतका भित्रा माणूस पालघर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि पालघर ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हा अख्ख्या ठाणे जिल्ह्यातही नव्हता. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. ते स्वतःच अभिमानानं सांगतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं त्यांनी सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली, म्हणजे चक्क घाबरायचा पगार घेतला. आपल्याला ते घरी फुकट करावं लागतं. ताईच्या लग्नात मी कानपिळीला मोठ्या ऐटीत त्यांचा कान धरला, तर हा माणूस उलट माझ्याच कानाशी लागला आणि कुजबुजला, ‘मेव्हणे, मांडवाला आग लागली तर बायकांना बाहेर पडायला वाट कुठाय?’ मी तेव्हा कॉलेजात होतो. मला वाटलं, आमच्या ताईचं काही खरं नाही.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर टायटॅनियमची रोड बाइक घेतली. बोटभर रुंदीचे टायर, खाली वाकलेलं हँडल, आणि रंग म्हणाल तर नाहीच. घासलेल्या पातेल्यासारखा नुसता करडा धातू. मी म्हटलं, ‘भावोजी, रंग मारायचा राहिला वाटतं.’ त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. ‘रंगाखालीच गंज लपतो, मेव्हणे. हिला लपवायचं काही नाही.’ बोईसरला राहणाऱ्याला गंजाची भीती वेगळी सांगावी लागत नाही. एकीकडून समुद्राचा खारा वारा, दुसरीकडून कंपन्यांचा आंबूस धूर. मधे खिडकीचे गज, स्कूटरचं मडगार्ड, दाराची कडी सगळं पापडासारखं सुटत जातं. भावोजींच्या कंपनीत ॲसिडनं दर दोनचार वर्षांनी पाइप खाल्ले, पण टायटॅनियमचा एक पाइप ते नोकरीला लागले तेव्हा जसा होता तसाच निरोपाच्या दिवशीही होता. निरोप समारंभात हार घालून घेतल्यावर साहेबांशी हात मिळवायच्या आधी ते त्या पाइपला हात लावून आले. या जगात ज्या एकाच वस्तूबद्दल त्यांना भीती वाटत नाही, ती ही सायकल. भीती आहे ती तिच्यावर बसणाऱ्याबद्दल.

म्हणून रविवारी सायकल काढायची तर आधी परमिट. कंपनीत टाकीत उतरायच्या आधी जसा कागद भरतात, अगदी तसाच कागद हे गृहस्थ जेवणाच्या टेबलावर बसून भरत. कामाचं स्वरूप: विरंगुळा. ठिकाण: बोईसर ते कोळगाव आणि परत. संभाव्य धोके: टँकर, खड्डे, कुत्री, म्हशी, ओली रेती, रिक्षा, आणि सातव्या क्रमांकावर ‘मेव्हणा (बोलतो फार)’. कुठं किती वाजता पोचणार, कुठं किती मिनिटं थांबणार, हेही त्यात. खाली मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची सही ताईची. ती भाकरी थापता थापता ओरडायची, ‘अहो, तुमी सायकल चालवायला चाललात की लढाईला? कुठं अंगठा करायचा तो सांगा, तवा तापलाय!’ घरातल्या सगळ्या परमिटांवर तांदळाच्या पिठाचे अंगठे आहेत आणि ती सगळी फाइलला लावलेली आहेत.

मी पालघरला राहतो आणि आठवडाभर कोळगावच्या जिल्हा कचेरीत खुर्ची गरम करतो. तिथवरच रविवारी पुन्हा घाम गाळत जायचं, हा काय विरंगुळा झाला? पण ताईनं मला गळ घातली होती, ‘बाबू, त्यांना एकटं नको सोडूस रे,’ म्हणून मी शनिवारी मुक्कामाला जायचो आणि माझी जुनी सायकल दामटत त्यांच्या मागून निघायचो. निघताना दोघांचे मोबाइल घरात एका डब्यात जमा. कंपनीत गेटवर ठेवतात ना, तसे. हँडलला ताईच्या साडीच्या फॉलची केशरी पट्टी बांधलेली, वारा कुठला ते कळायला. कारण गॅस सुटला तर धुराकडे जायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं आणि ठरल्या जागी, म्हणजे घरी असलं तर शाळेच्या मैदानावर आणि वाटेत असलं तर परमिटातल्या थांब्यावर, थांबून राहायचं, हा पाठ त्यांनी माझ्याकडून आणि ताईकडून घोकून घेतला होता. आता, सायकल चालत असली की पट्टी नेहमी मागंच उडणार, मग वारा कळणार कसा? म्हणून दर दोन किलोमीटरला उतरायचं, श्वास रोखून पट्टीकडे बघायचं आणि पुन्हा बसायचं. लोकांना वाटायचं म्हातारा दमला. पण उमरोळीच्या पुढं सरळ रस्ता लागला की हा माणूस एकदम वेगळाच व्हायचा. पाठ खाली, कोपर आत, आणि चक्क शीळ! लग्नाला इतकी वर्षं झाली, ताईनं ती शीळ ऐकलेली नाही. मी ऐकली आहे, आणि तेवढ्यासाठी मी सातव्या क्रमांकाचा धोका व्हायला तयार असायचो.

एक गोष्ट मात्र चेष्टेची नव्हती. दाराबाहेर व्हरांड्यात त्यांनी एक फळी ठोकली होती, तिला दोन खिळे, आणि त्यांचा नि ताईचा नंबर घातलेले दोन पितळी बिल्ले. कंपनीत टाकीत शिरणारा माणूस आपला बिल्ला फळ्यावर लावून आत जातो आणि बाहेर आला की काढतो. घरी सायकलवर जाताना भावोजी आपला बिल्ला खिळ्यावर लावत आणि परतल्यावर, पाणीसुद्धा प्यायच्या आधी, काढत. ताईनं आपला बिल्ला कधी लावला नाही. ‘मी काय मेथीची जुडी आणायला नंबर लावून जाऊ?’ म्हणायची, आणि तो चहाच्या डब्यावर पडलेला असायचा. मीही हसायचो. एकदाच भावोजी मला म्हणाले, ‘एका संध्याकाळी पाळी सुटली, मेव्हणे, आणि फळ्यावर एक बिल्ला राहिला. त्याच्या घरी सांगायला मी गेलो होतो.’ एवढं बोलून ते चेन पुसायला लागले. त्यानंतर मी त्या फळीवरून विनोद केला नाही.

त्या रविवारी आम्ही कोळगावहून परतत होतो. सव्वादहाला उमरोळीला वारा बघायला उतरलो आणि उत्तरेकडून धप्पकन आवाज आला. कानापेक्षा आधी तो पायाला कळला. मागोमाग भोंगा. बोईसरच्या दिशेला पांढरा लोट वर चढत होता. भावोजींनी पट्टीकडे पाहिलं, लोटाकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे. पट्टी पूर्वेला ताठ उडत होती. ‘वारा समुद्रावरचा आहे,’ ते म्हणाले. ‘आपली कॉलनी धुराच्या वाटेत आहे.’ आवाज त्यांचा वाटेना. मी म्हटलं, ‘ताई शाळेच्या मैदानावर जाईल भावोजी, तिला पाठ आहे सगळं. आपण नियमाप्रमाणे इथंच—’ ‘तू इथंच थांब. हलू नकोस,’ म्हणाले आणि सायकलवर बसले. दर चौकात उतरून सायकल हातानं ढकलणारा माणूस, हेल्मेटचा पट्टा न लावता, आतल्या गावातल्या रस्त्यानं थेट त्या लोटाच्या दिशेनं गेला. मी जन्मात कुणाला इतक्या वेगानं सायकल हाणताना पाहिलेलं नाही.

मी उभा राहिलो. खिशात फोन नाही, माझ्या सायकलीनं त्यांना गाठणं शक्य नाही, आणि डोळ्यांपुढं सारखा तो खिळ्यावर राहिलेला बिल्ला. अर्ध्या तासानं मोठ्या रस्त्यानं एक स्कूटर आली. वर ताई, तोंडाला ओला टॉवेल बांधलेला, ब्लाउजात खोचलेलं परमिट. त्यावर लिहिलेलं होतं ना: सव्वादहा, उमरोळी, पाच मिनिटं. तिनं माझ्या मागं पाहिलं, बाजूला पाहिलं.

‘हे कुठं हायत?’

‘तुझ्याकडे गेले.’

ताईनं ब्लाउजातलं परमिट काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, ‘मैदानावरच थांबणार होते रे मी. पण मला वाटलं, तुमी दोघं येताना धुरात शिरलात तर?’ आणि लगेच खेकसली, ‘बस मागं!’

बोईसरच्या नाक्यावर कामगार तोंडाला रुमाल लावून घोळक्यानं उभे होते. एकानं आम्हाला बघून हात हलवला, ‘अरे कुछ नहीं हुआ भाभी, स्टीम है, स्टीम!’ ताईनं स्कूटर थांबवली नाही.

घरासमोर रस्त्यात टायटॅनियमची सायकल आडवी पडली होती. खाली टॉवेल अंथरल्याशिवाय जी कधी जमिनीला टेकली नाही, ती सायकल! भावोजी कुलूप लावलेल्या दारापुढं पायरीवर बसले होते. मैदानावर ते दोनदा जाऊन आले होते. फळीवर त्यांचा बिल्ला होता, दुसरा खिळा रिकामा होता, कारण ताईनं जन्मात पहिल्यांदा लावलेला तिचा बिल्ला त्यांनी काढून मुठीत आवळून धरला होता.

‘तू मैदानावर नव्हतीस,’ ते म्हणाले.

‘तुमी तरी कुठं उमरोळीला होते?’

आणि भावोजी रडायला लागले, भर रस्त्यावर, शेजारीपाजारी बघत असताना. ताईनं तोंडाचा टॉवेल सोडला आणि त्यांच्या हातात दिला.

वाफेची लाइन फुटली होती, बाकी काही नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तीस वर्षं जो माणूस लोटाचा रंग दुरून बघून काय सुटलंय ते सांगायचा, त्याला त्या दिवशी साधी वाफ ओळखता आली नाही. यावरून त्यांची थट्टा करायचं मी बऱ्याचदा ठरवलं, पण जमलेलं नाही. सायकलच्या नळीवर लांबलचक ओरखडा पडला. घासणीनं घासला की जातो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. तो त्यांनी घासला नाही.

आता ते उमरोळीपर्यंतच जातात आणि शीळ घालत नाहीत. परमिट अजून भरतात, आपला बिल्ला खिळ्यावर लावतात, आणि ताईचा बिल्ला मात्र पंक्चरच्या सामानाबरोबर पाठीच्या खिशात टाकून नेतात. मी म्हटलं, ‘भावोजी, दुसऱ्याचा बिल्ला न्यायचा नसतो, हे तुमच्याच नियमात आहे.’ ‘आहे,’ ते म्हणाले. ‘पण बिल्ला लावल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, हाही नियम आहे. तिचा बिल्ला माझ्याकडे. म्हणजे ती घरातच राहणार.’ ताईला दारातून बाहेर पडायला पितळेचा तुकडा थोडाच लागतो? पण रविवारी सकाळी ती कोपऱ्यावर भाजीलासुद्धा जात नाही. परवाच्या रविवारी माझ्या सायकलची चेन तुटली होती म्हणून मी मागं राहिलो, तेव्हा म्हटलं, ‘चल, मासळी बाजारात जाऊन येऊ.’ ‘नाय रे, बिल्ला त्यांच्याकडं हाय ना,’ म्हणाली, आणि दोरीवर वाळणारे कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते बघत व्हरांड्यात उभी राहिली.