बदामाखालची हजेरी

माझ्या सासऱ्यांइतका जावयाचा अपमान करणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही. लोकांच्या सासुरवाडीत जावई आला की आधी पाणी येतं, मग चहा. वारज्याच्या आमच्या सासुरवाडीत आधी जिना येतो. पहिल्या दिवाळसणाला मी नवा झब्बा घालून दारात उभा, तर हे गृहस्थ म्हणाले, "जावईबापू, बसू नका. घर पेटलं तर कुठून पळाल?" धुरात चालतात तसं वाकवून त्यांनी मला तीन मजले उतरवलं आणि खाली बदामाच्या झाडाखाली हजेरी घेतली. माणसं मोजून चार, एकमेकांसमोर उभी, तरी त्यांनी नाव पुकारायचं आणि आपण "हजर" म्हणायचं! खराडीच्या ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. आपण फक्त मान हलवायची, असं मी तेव्हाच ठरवलं.

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे आणि चांदीचं काहीतरी देतात. मला अनारशांच्या मधोमध लाल अग्निशामक नळकांडं मिळालं, हळदकुंकू लावलेलं. "चांदीनं आग विझत नाही," हे वर ऐकून घ्यावं लागलं. शेजाऱ्यांनी जिन्यात ठेवलेले चपलांचे स्टँड ते उचलून ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवत. गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला त्यांनी छोटं दार करून घेतलं, किल्ली शेजारच्या खिळ्याला. त्यानं इमारतीचं सौंदर्य बिघडतं, असं सोसायटीचं पत्र आलं. यांचं उत्तर: "आत कोंडून जळालेल्या माणसांचं सौंदर्य कसं असतं, तेही कळवावे."

या नाटकात माझी भूमिका एकच होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना हाताला धरून मी खाली आणायचं. त्या मागे राहिल्याच तर काय, तेही त्यांच्याकडून पाठ करून घेतलेलं: दाराच्या फटीत ओला टॉवेल, मग गॅलरीत जाऊन ताट वाजवायचं. बिचाऱ्या हसत हसत सगळं करायच्या. मला मात्र संताप यायचा.

गेल्या वर्षी आम्ही तिथे मुक्कामाला असताना एका रविवारी सकाळी जिन्याखालच्या मीटरमधून खरोखरच धूर निघाला. सासरे आणि माझी बायको लोकांची दारं ठोठावत पुढे गेले. मी आंघोळ करून बाहेर आलो तर दारात धूर आणि घर सामसूम. सासूबाई लेकीबरोबर गेल्या असणार, असं मी धरून चाललो. मग कुठलाही पुणेकर करील तेच मी केलं. गॅसचं बटण पाहिलं, कडी लावली, कुलूप घातलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

बदामाखाली हजेरी सुरू झाली. खोकत खोकत मी रागानंच मान हलवली. सासऱ्यांनी सासूबाईंचं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं. बायको माझ्याकडे बघायला लागली. किल्ली माझ्या मुठीत होती.

जिना तोवर काळा झाला होता. तेवढ्यात वरून आवाज आला, ताटावर लाटणं बडवल्याचा. वाळत घातलेले कपडे काढायला गेलेल्या सासूबाई गॅलरीतच होत्या. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिडी लावली आणि ग्रिलच्या त्या कुरूप दारातून त्यांना अलगद खाली आणलं. त्या अनवाणी होत्या. सासऱ्यांनी आपल्या चपला काढून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या आणि ते खेकसले, "टॉवेल लावलास का?" त्या म्हणाल्या, "अहो, लावला हो." मग सासऱ्यांनी तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसला. मला सगळ्यांदेखत चार शब्द ऐकवायचा त्यांना हक्क होता. त्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, कुलूप ओढून पाहिलंत ना?"

ते वाक्य अजून माझ्या छातीत रुतून आहे. हल्ली सासरे थकलेत. जिना उतरताना तेच माझा हात धरतात, पण हजेरी चुकवत नाहीत. परवा माझं नाव आलं तेव्हा मी "हजर" म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो, हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.